रिकामटेकडी

ज्वारी पुन्हा हुरड्यात आली आहे. पारनेरच्या पठारावर जानेवारीत वारा असा सुटतो की चिमटे लावलेलं धुणंही शेजारच्या गोठ्यात जाऊन पडतं. त्या वाऱ्यात ज्वारीची पानं एकमेकांवर घासतात आणि शिवारभर एक कोरडी सळसळ दिवसभर चालू राहते. मी खिडकीपाशी बसून पुण्यातल्या कुणाच्या तरी फ्लॅटचा नकाशा काढत असते. सळसळ कानावर आली की माउसवरचा हात आपोआप थांबतो, कारण ती माझ्याकडे दोन ठिकाणी आहे. एक खिडकीबाहेर आणि दुसरी या कॉम्प्युटरमध्ये, जी मी स्वतः नेऊन ठेवली आहे.

हायवेच्या अंगाला दोन-चार शेतांवर आता हुरडा पार्टीच्या पाट्या लागल्यात. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या येतात. गॉगल लावलेल्या बायका बांधावरून एका ओळीत हिंडतात, ज्वारीत शिरून फोटो काढतात, ओढ्यापर्यंत जातात आणि तिथे काहीच नाही हे बघून हसत परत येतात. हात मोकळे, चाल मोकळी. वाटेत त्यांना आमचे बबनतात्या भेटतात. तात्या म्हणजे गिरणीसमोरच्या कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची दखल घेणारं आमच्या गावचं सरकार. ते त्या बायकांना म्हणतात, "सावकाश जा मॅडम, बिळं हायत बांधाला." बस, एवढंच. मी या गावात सून म्हणून आले त्याला बरीच वर्षं झाली, पण मला तात्या कधी 'सावकाश जा' म्हणाले नाहीत. माझ्यासाठी त्यांचा प्रश्न ठरलेला आहे.

"कुठं निघाली गं, वैशाली?"

प्रश्न वाईट नाही, हे मलाही कळतं. आमच्याकडे ही रामराम घालण्याचीच एक रीत आहे. पुरुषाला विचारलं तर तो 'हितंच' म्हणतो आणि पुढे जातो. हे 'हितंच' म्हणजे कोपरा असू शकतो किंवा नगर असू शकतं, कुणी खोलात जात नाही. बाईला मात्र 'हितंच' पुरत नाही. तिला नाव घेऊन काम सांगावं लागतं. दळणाला. धुण्याला. शेळीच्या पाल्याला. औषधाला. आणि बोलायचा कंटाळा असेल तर हातात काहीतरी धरावं लागतं. गावात बाईच्या हाताकडे एकदा नीट बघा. डबा, बादली, घमेलं, विळा, काहीतरी असतंच. तात्यांची सून रेखा तर मैत्रिणीकडे बसायला जातानाही रिकामी बादली घेऊन जाते आणि तीच रिकामी बादली घेऊन परत येते. मी विचारलं तर हसून म्हणाली, "आसू द्यावं हातात. बरं दिसतं."

काही वर्षांपूर्वी, अशाच हुरड्याच्या दिवसांत, मी रोज संध्याकाळी चालायला जायला लागले होते. दिवसभर नकाशे काढून पाठ अवघडायची हे खरं, पण पाठीसाठी जात होते असं म्हटलं तर तेही कामच झालं. मला चालायला आवडतं. संगमनेरला डिप्लोमा करत होते तेव्हा प्रवरेच्या काठाकाठाने किती चालले असेन त्याला हिशेब नाही. तेव्हा एक मुलगी आपली चालते आहे याचं कुणाला विशेष वाटत नव्हतं, किंवा वाटत असेल तर ते माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. इथे गावाच्या मावळतीला एक टेकडी आहे. उंच नाही, नावही नाही. तिच्या पायथ्याच्या माळावर वाळलेलं गवत, मोठमोठे काळे दगड आणि टिटव्या. दिवस बुडताना सगळं पिवळं तांबूस व्हायचं आणि ज्वारीची कणसं उजेडात भरून यायची. मी पायथ्यापर्यंत जायची, थोडी उभी राहायची आणि परत फिरायची.

"कुठं निघाली गं?" पहिल्याच दिवशी तात्यांनी विचारलं.

"फिरायला, तात्या."

"फिराया?" त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. "काय काम काढलं?"

"काही नाही. अशीच."

'अशीच' या शब्दानं तात्यांची झोप उडाली असावी. माझा नवरा सुनील गावातली दूध डेअरी चालवतो. सकाळ-संध्याकाळ गावातल्या प्रत्येक घरातला एक पुरुष किटली घेऊन त्याच्यासमोर उभा असतो. मी टेकडीपासून घरी यायच्या आत माझं टेकडीकडे जाणं डेअरीत पोचलेलं असायचं, दुधाआधी. आठवडाभरानं सुनील जेवताना म्हणाला, "मला काही नाही. पण लोक विचारतात."

'मला काही नाही' हे वाक्य ज्यांनी ऐकलं आहे त्यांना त्यात किती काय असतं ते सांगायला नको.

"काय विचारतात?"

"रोज कुठं जाते म्हणून."

"मग सांगा ना, हिंडते."

"तसं कसं सांगणार? आज तर एक जण म्हणाला, तुमची मंडळी अगदीच रिकामटेकडी हाय का." तो ताटाकडे बघत बोलत होता. "एक काम कर. जाताना बादली घेऊन जा. शेण आणायला, असं दिसेल. नाहीतर आईला घेऊन देवळात जा."

देवळाला माझी ना नव्हती. पण मला देवळात जायचं नव्हतं, मला चालायचं होतं. आणि शेणाची बादली घेऊन मावळतीचा उजेड बघायला जाणं मला मरेपर्यंत जमणार नव्हतं. त्या रात्री भांडण झालं नाही. मी एवढंच म्हणाले की बादली घेऊन मी हिंडणार नाही आणि बादलीशिवाय तुम्ही हिंडू देणार नसाल, तर घरातच हिंडेन. घरात कशी हिंडणार, हे त्याला कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

भाषाही किती पक्की असते बघा. पुरुष फेरफटका मारतो, पाय मोकळे करतो, बाई मात्र हिंडते. आणि हिंडणारी म्हटलं की ऐकणारा भुवया वर करतो. पुरुष रिकामा असला तर निवांत असतो, बाई रिकामी असली तर रिकामटेकडी. मी त्या शब्दाकडे रागाने बघत राहिले आणि बघता बघता तो मला आवडायला लागला. रिकामी आणि टेकडी. मला जे हवं होतं ते सगळं त्यात होतं.

नकाशांच्या कामासाठी घरात तगडा कॉम्प्युटर होताच, आणि खेळ मी कॉलेजपासून खेळत आले आहे. त्यात एक होता खुल्या जगाचा. डोंगर, जंगलं, नद्या, लहान-लहान गावं असलेला एक आख्खा मुलूख, आणि त्यातून चालणारी एक बाई. कुठेही जा, कुणी अडवत नाही, अशी त्याची जाहिरात. बरोबर, म्हटलं, हेच पाहिजे. सुरू केला, तर पहिल्या मिनिटाला त्या बाईच्या डोक्यावर एक सोनेरी बाण उगवला. त्या गावाला जा. म्हाताऱ्याची हरवलेली अंगठी शोध. राजाचा निरोप पोचव. कोपऱ्यात नकाशा, नकाशावर ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक काम. गावात शिरलं की माणसं धावत येऊन कामं सांगायची. मी खुर्चीत मागे टेकून मोठ्यांदा हसले. बबनतात्या इथेही पोचले होते.

तेव्हा मी मॉडच्या नादी लागले. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच करून वाटलेल्या दुरुस्त्या. तयार ब्लाउज घरी आणून उसवायचा आणि आपल्या मापाला बसवायचा, तसं. कुणी पाऊस जास्त खरा करतं, कुणी गवत, कुणी पावलांचे आवाज. बहुतेकांचा हेतू एकच, खेळ खेळ वाटू नये, आपण त्या जगात बुडून जावं. मी सगळ्यात आधी बाण काढला. मग कोपऱ्यातला नकाशा. मग ठिपके, मग चमकणाऱ्या वस्तू, मग एका क्षणात दूर पोचवणारी ती सोय, कारण मला पोचायचंच नव्हतं. पडद्यावर उरली ती बाई आणि वाट. मी तिला चालवत नदीवर नेलं, उभी केली आणि पाण्याकडे बघत बसले. कितीतरी दिवसांनी छातीत हवा शिरल्यासारखं वाटलं. ते पाणी खोटं होतं, हे मला कुणी समजावून सांगू नये. दिवसभर मी ज्या भिंती काढते त्या तरी कुठे खऱ्या असतात?

लोक भुकेचेही मॉड घालतात, म्हणजे बाईला वेळेवर खायला घालावं लागतं. ते मी घेतले नाहीत. स्वयंपाक मी घरी करतेच. थंडीचा मात्र घेतला, आणि वाऱ्याचा.

दुपारी आमच्या खोलीत खिडकीतून ऊन येतं, म्हणून सासूबाई तिथे येऊन बसायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. परातीत ओल्या हरभऱ्याचे घाटे घेऊन सोलत बसायच्या आणि मधून मधून पडद्याकडे बघायच्या. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी घाटा हातात तसाच राहिला.

"ही कोन बाई?"

"खेळातली आहे, आत्याबाई."

"कुठं चालली?"

मी मान वळवून बघितलं. त्यांचा प्रश्न तात्यांसारखा नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

"कुठेच नाही. हिंडतेय."

"एकली?"

"एकटीच."

त्या जरा पुढे सरकल्या. "हातात काय हाय तिच्या?"

"तलवार."

"तलवार? ती कशाला?"

"म्हणजे, वाटेत कुणी मारायला आलं तर..."

"हां," आत्याबाई समजल्यासारख्या म्हणाल्या, "बरं केलं. हातात काय आसलं की कोन इचारत न्हाई. मी बी शेताकडं जाताना इळा घेती. कापायचं काय नसलं तरी घेती."

तलवारीचा असा उपयोग खेळ बनवणाऱ्यांच्याही डोक्यात आला नसेल. पण मी त्या क्षणी त्या बाईच्या हाताकडे बघितलं आणि मला ती तलवार सहन होईना. ती पण बादलीच की. मी ठरवलं, हिचे हात रिकामे करायचे.

वाटलं होतं तितकं ते सोपं नव्हतं. तलवार काढली तर बाई मुठी आवळून चालायला लागली, कुणाला तरी ठोसा मारायला निघाल्यासारखी. खेळातल्या गावातल्या बायकांची चाल उसनी घ्यावी म्हणून शोधलं, तर त्या सगळ्यांच्या हातात काहीतरी होतंच. टोपली, घागर, सरपण, मूल. परक्या देशातल्या माणसांनी बनवलेला परक्या मुलखाचा खेळ, आणि बायकांच्या हातात तेच. आख्खा खेळ धुंडाळला तेव्हा मोकळ्या हातांची, काही काम नसलेली चाल सापडली ती एका दारुड्या पुरुषाची. रागही आला, हसूही आलं. मी तीच उचलली, झोकांड्या काढल्या, पाठ सरळ केली, हात थोडे लांब झुलवले. त्यात दिवसचे दिवस गेले. दोनदा सगळा खेळ कोसळला, कारण माझी चाल आणि वाऱ्याचा मॉड यांचं आपसात जमेना, आधी कोण यावं यावरून त्यांची भांडणं. शेवटी वाऱ्याला पुढे केलं आणि चालीला मागे, तेव्हा दोघं नांदली.

एका दुपारी ती पहिल्यांदा तशी चालली. हात मोकळे, खांदे सैल, वाऱ्यानं केस तोंडावर येतात आणि ती ते मागे करते. आत्याबाईंनी घाटे सोलणं थांबवलं होतं.

"आता बघ," त्या म्हणाल्या, "आता बाई वाटती."

मग मी आणखी धीट झाले. तिथल्या गव्हासारख्या शेतांवर आमच्या ज्वारीचे फोटो घेऊन चढवले. मोबाईल घेऊन शेताच्या कडेला जाऊन सळसळ रेकॉर्ड केली. पाखरं राखायला माळ्यावर उभ्या राहून आत्याबाई जी आरोळी देतात तीही घेतली. "हाऽऽ हुर्रऽऽ हा!" आधी लाजल्या, मग एवढ्या जोरात ओरडल्या की खरीच पाखरं उठली. आता त्या परक्या मुलखात संध्याकाळी डोंगरावरून चाललं की लांब कुठेतरी ज्वारीआडून एक म्हातारी बाई पाखरांना हाकलते. ती दिसत नाही. पण ती तिथे आहे.

खेळातल्या गावांतल्या माणसांचं एकच काम राहिलं होतं. त्यांची कामं सांगण्याची सवय मोडायची होती. मी त्यांची तोंडं बंद केली. बाई शेजारून गेली की त्यांनी मान वर करायची, बघायचं आणि आपलं काम पुढे चालू ठेवायचं. बस, तेवढंच.

हे सगळं एकत्र बांधून मी मॉडच्या साइटवर टाकलं आणि नाव दिलं 'रिकामटेकडी'. अर्थ कुणाला कळणार नव्हता, तरी तेच दिलं. लोकांनी उतरवून घेतलं. लांब लांबच्या माणसांनी ती आरोळी कुठली म्हणून विचारलं, आत्याबाईंना मी ते वाचून दाखवलं, त्या आठवडाभर फुगलेल्या होत्या. पण तक्रारीही आल्या. एकानं लिहिलं, बाईच्या हातात हत्यार दिसत नाही, मॉडमध्ये चूक आहे. मी लिहिलं, चूक नाही. दुसऱ्यानं फार सभ्यपणे लिहिलं की गावातली माणसं काहीच विचारत नाहीत हे खरं वाटत नाही, खऱ्या गावात माणसं विचारपूस करतात, ती घातली तर जग जास्त जिवंत होईल. त्याला उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. शेवटी लिहिलं, माझ्या खऱ्या गावात करतात, म्हणूनच काढली.

मला अजूनही ते उत्तर बदलावंसं वाटत नाही. 'खरं' म्हणजे 'जसं आहे तसं', एवढंच ज्यांना वाटतं त्यांना कधी रस्त्यात थांबून काम सांगावं लागलेलं नसतं. त्यांचं जग त्यांना आधीच मापात मिळालेलं असतं. मला उसवावं लागलं. उसवल्यावर जे झालं ते मला खऱ्याहून खरं वाटलं, तर त्याला मी काय करू? वाऱ्यात केस मागे करत चाललेली ती बाई बघताना माझे स्वतःचे खांदे खाली यायचे. आत्याबाईंचेही. हे खोटं असेल तर खांद्यांना सांगा.

एकदा दुपारी सुनील घरी आला तर आम्ही दोघी पडद्यासमोर.

"आई, तू पण?"

"गप रे," आत्याबाई मान न वळवता म्हणाल्या, "टेकडी चढायलोय."

तो दारात उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "डेअरीत लोक म्हणतात, तुमच्याकडं सासवासुना दिवसभर गेम खेळतात म्हणे."

"घरात बसलं तरी विचारतातच?" मी म्हणाले.

त्यानं खांदे उडवले.

"मग घरात बसून काय मिळालं?"

तो चूळ भरून परत डेअरीत गेला. पण माझं वाक्य खोलीतच राहिलं होतं आणि आत्याबाईंनी ते ऐकलं होतं.

त्या दिवशी आम्ही खेळातल्या मावळतीच्या डोंगरावर चढत होतो. आत्याबाईंचाच हट्ट होता, त्यांना रोज एकच विचारायचं असायचं, त्या डोंगरामागं काय हाय? आम्ही माथ्यावर पोचलो. पलीकडे धुकं. बाई पुढे चालली आणि थांबली. मी कळ दाबत राहिले, तिचे पाय जागच्या जागी हलत राहिले.

"थांबली का?"

"पुढे जाता येत नाही, आत्याबाई."

"का? कोन आडवतंय?"

"कुणी नाही. पुढे जगच केलेलं नाही. इथे संपलं."

"तुला करता यायचं न्हाई? ज्वारी केली, तसं?"

"एवढं मोठं नाही जमायचं. तिथे काहीच नाहीये."

आत्याबाईंनी पुढे वाकून ते धुकं न्याहाळलं. मग खिडकीबाहेर बघितलं. आमची टेकडी तिथून दिसते.

"आपल्या टेकडीमागं तर आसंल की काय तरी."

"तुम्ही कधी गेलाच नाहीत?"

"कशाला जाती? आपलं रान उगवतीला. तिकडं आपलं काय काम?" त्या म्हणाल्या. नवरी होऊन आल्या तेव्हापासून त्या टेकडीआड रोज दिवस बुडताना त्यांनी बघितला होता. भाकरी थापताना, दूध काढताना, माझ्या सासऱ्यांच्या आजारात, सुनीलच्या लग्नात. तिकडे त्यांचं काम कधी निघालंच नाही. त्या हे सगळं तक्रारीच्या सुरात बोलत नव्हत्या, आणि म्हणूनच मला ऐकवत नव्हतं. मी कॉम्प्युटर बंद केला.

"चला," मी म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता."

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, चपला पायात सरकवल्या आणि दाराशी गेल्यावर त्यांचा हात सवयीनं चौकटीच्या खिळ्याकडे गेला. तिथे विळा टांगलेला असतो. त्यांनी तो काढला. उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं. मी काही म्हणणार नव्हते, खरंच नव्हते, इतक्या वर्षांच्या हाताला मी कोण सांगणार? पण त्या थांबल्या. विळ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. परत वळल्या आणि विळा खिळ्याला अडकवला. नंतर गल्लीतून जाताना त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. कधी पदरात घ्यायच्या, कधी पाठीमागे. गिरणीपर्यंत येईस्तोवर ते जरा झुलायला लागले होते.

कट्ट्यावर बबनतात्या होतेच.

"कुठं निघाल्या दोघी?" त्यांनी आमच्या हातांकडे बघितलं. "कुनाकडं काय झालं काय?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "काय न्हाई झालं. हिंडाया चाललोय."

"हिंडाया? म्हंजी, काम काय?"

"काम कशाचं? काम उरकून आलोय की. तुमी बसता की हितं रोज, तुमाला कोन इचारतं का, काय काम हाय म्हनून?"

तात्या हसले, मग हसणं थांबवून गिरणीच्या पाटीकडे बघायला लागले. आम्ही पुढे गेलो. मागे वळून बघायची मला फार इच्छा झाली होती, पण आत्याबाई बघत नव्हत्या म्हणून मीही बघितलं नाही.

टेकडीवर वाट नाही, शेळ्यांनी पाडलेल्या रेघा आहेत. आत्याबाई दोनदा बसल्या, एकदा काटा काढला, आणि प्रत्येक वेळी मी परत फिरू म्हणायच्या आत उठल्या. माथ्यावर वारा इतका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. पलीकडे काय होतं सांगू? एक माळ. त्यापुढे ज्वारी, थोडी तूर, एक आटत आलेला पाझर तलाव आणि त्यात उभे बगळे. लांब दुसरं एक गाव, आमच्यासारखंच, पत्र्यांवर ऊन पडलेलं.

"एवढंच व्हय?" आत्याबाई म्हणाल्या.

मग खाली दगडावर बसल्या आणि दिवस बुडेपर्यंत उठल्या नाहीत. इतकी वर्षं जो दिवस टेकडीआड जाताना बघितला तो पुढे कुठे जातो, ते त्या बघत होत्या. तो तलावाच्या वरून उतरतो, आधी बगळे तांबडे होतात, मग पाणी. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते.

त्या संध्याकाळी डेअरीत काय काय झालं असेल ते मी विचारलं नाही. सुनील उशिरा आला, हात धुतले, ताटावर बसला. मी वाट बघत होते 'लोक विचारतात'ची. तो म्हणाला, "तात्या म्हणत होते, आईनं त्यांना गप केलं." मग भाकरी मोडत, "मी सांगितलं लोकांना. हिंडायला गेल्या म्हणून." हे सांगताना त्याचे कान लाल झाले होते, आणि ते मला लग्नानंतर पहिल्यांदाच इतके आवडले.

गाव बदललं असं मी म्हणणार नाही. जिल्ह्याचं नावसुद्धा बदललं, पाट्या रंगवून झाल्या, पण तात्यांचा प्रश्न तोच आहे. फरक इतकाच की आता आम्ही उत्तर देतो. रोज तेच, न लाजता. तुम्ही विचारत राहा, आम्ही हिंडत राहू, बघू आधी कोण कंटाळतं. तो खेळ अजून माझ्याकडे आहे. पावसाळ्यात चिखलानं वाट बंद झाली की आम्ही त्यातच चालतो. ती बाई माथ्यावर धुक्याशी थांबते तेव्हा आत्याबाई तिला सांगतात, "आगं, तुझ्या फुडं न्हाई, आमच्या फुडं हाय."

आज पुन्हा वारा सुटलाय आणि ज्वारी वाजतेय. मघाशी मी नकाशा अर्धा सोडून उठले, आत्याबाई ओट्यावर चपला घालत होत्या. गल्लीतून रेखा आली, बबनतात्यांची सून, हातात तीच बादली. आमच्या ओट्याशी थांबली. आमच्या हातांकडे बघितलं, टेकडीकडे बघितलं, मग आवाज खाली करून विचारलं, "कुठं निघाल्या, काकू?"

आत्याबाईंनी तिच्याकडे बघितलं.

"बादली ठेव हितं," त्या म्हणाल्या. "मग सांगती."